समुद्राकाठच्या राबत्या शेतावर मुक्काम: पहिल्यांदा तंबू टाकणाऱ्यांसाठी

तयार कॅम्पिंगच्या मैदानावर जागा आपल्यासाठी आखलेली असते. राबत्या शेतावर तसं काही नसतं. तिथला दिवस धारा काढायच्या वेळेला सुरू होतो, ट्रॅक्टर त्याच्या वाटेने जातो, पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर पंप रात्री दोनलाच सुरू होतो. त्यात शेजारी समुद्र असला की वारा, भरती आणि खारं पाणी यांचंही ऐकावं लागतं. म्हणून अशा मुक्कामाची खरी तयारी सामानाच्या दुकानात होत नाही, शेतमालकाशी बोलताना होते. भारी तंबू चुकीच्या जागी टाकणारा रात्रभर जागतो; विचारपूस करून साधा तंबू टाकणारा निवांत घोरतो.

१. निघण्याआधी फोन करा आणि बोलणं लांबू द्या

काही देशांत रानावनात कुठेही एखादी रात्र काढायचा हक्क सगळ्यांना आहे. स्वीडन आणि नॉर्वे ही त्यातली नावाजलेली उदाहरणं. पण तिथेही पिकाची जमीन त्या हक्कात धरलेली नाही, आणि नॉर्वेत तर राहत्या घरापासून निदान १५० मीटर लांब राहावं लागतं. तेव्हा कुंपण मोडकं दिसलं, फाटक उघडं होतं, आसपास कुणी नव्हतं, यातली कुठलीच गोष्ट परवानगी ठरत नाही. परवानगी मालकाकडून, आधी, तारखेसकट घ्यायची.

फोनवर भाडं आणि शौचालय हे दोन प्रश्न सगळेच विचारतात. त्याहून कामाचे प्रश्न वेगळे आहेत. त्या दिवसांत फवारणी आहे का? शेणखत किंवा स्लरी (शेण-मुताचा पातळ काला) टाकणार आहात का? कापणी चालू असेल का? फवारणीचा तुषार वाऱ्याबरोबर शेजारच्या तुकड्यात येतो, आणि समुद्राकाठी वारा पडलेला दिवस तसा दुर्मीळच. फवारणी असेल तर सरळ तारीख बदला. कापणीच्या दिवसांत मालकाला तुमच्याशी बोलायलाही सवड नसते आणि यंत्रं अंधार पडल्यावरही चालतात.

जनावरं कोणती आहेत, मोकळी सुटतात का, आणि सध्या विण्याचे दिवस आहेत का, हेही विचारून घ्या. नुकत्याच व्यालेल्या गाईंच्या किंवा मेंढ्यांच्या रानात पाहुणे नकोत, हे चांगला मालक स्वतःच सांगेल.

कुत्रा न्यायचा का? माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला नेऊ नका. वासराजवळची गाय माणसाला एकवेळ सोडते, कुत्र्याला सोडत नाही. शिवाय कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यात जाऊ शकतो आणि त्याने गाभण गाई गाभडतात. तुमच्या एका सकाळच्या फेरफटक्याची किंमत मालकाने का मोजावी?

२. तारीख ठरवताना चंद्र बघा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल दुपारी चारला ज्या पुळणीवरून चालत गेलात, तिथे आज चारला पाण्याची रेषा वेगळी असणार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं: पाणी जास्त वर चढतं आणि ओहोटीला जास्त लांब जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी. काही समुद्रांत दिवसात एकच भरती येते आणि भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी पाणी जेमतेम हलतं. त्यामुळे आपल्या ठिकाणचं भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय अंदाज बांधू नका.

नवख्याने अष्टमीच्या आसपासचे दिवस धरावेत. शेत खाडीच्या किंवा नदीमुखाच्या कडेला असेल तर हे फार महत्त्वाचं. तिथली सखल कुरणं उधाणाला पाण्याखाली जातात, आणि पाणी समोरून येत नाही, चरांमधून मागून येतं.

३. सामान

सामानाची यादी कुठेही मिळेल, ती इथे उगाळत नाही. शेत आणि समुद्र यांच्यासाठी जास्तीच्या एवढ्याच वस्तू: वाळूसाठी लांब-रुंद मेखा, जादा दोरी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, साबण, पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन आणि लाल उजेडाची सोय असलेली हेडटॉर्च. लाल उजेडात डोळे दिपत नाहीत आणि गोठ्याकडे झोत फिरला तरी जनावरं फारशी बिचकत नाहीत. मेखा आणि दोऱ्या भडक रंगाच्या घ्या, त्याचं कारण शेवटी येईल. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घेतलेली असू द्या. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतातच, आणि शेतावर गंजक्या तारेची काही कमी नसते.

४. जागा निवडणं

उजेड असताना पोहोचा, निदान सूर्यास्ताआधी दोन तास. गाडीतून उतरल्या उतरल्या तंबू सोडू नका. मालकाबरोबर एक चक्कर मारा आणि चालता चालता तीन गोष्टी विचारा: जोराचा वारा कुठून येतो, पाऊस पडला की पाणी कुठे साचतं, आणि उद्या सकाळी इथून काय जाणार आहे.

तिसऱ्या प्रश्नाकडे नवखे दुर्लक्ष करतात. दुभत्या जनावरांच्या धारा बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा निघतात, त्यातली पहिली पहाटे. गोठ्याकडे जाणारी पायवाट नीट बघा: मध्ये गवत नसलेला चिखलाचा पट्टा, त्यावर खुरांचे ठसे, दोन्ही बाजूंना शेण. ती जनावरांची रोजची वाट असते आणि तिच्यावरचा तंबू त्यांना अडथळाच वाटतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्याही अशाच ओळखायच्या. फाटकाच्या तोंडाशी जागा कितीही सपाट असली तरी सोडून द्या.

उंच, दाट, हिरवंगार गवत बघून मोह होतो. ते बहुधा राखलेलं असतं, म्हणजे कापून वैरण करायचं असतं. एकदा तुडवलेलं गवत यंत्राच्या पात्याखाली नीट येत नाही. चरून किंवा कापून झालेलं रान मागा. तंबूही तिथेच जास्त सपाट बसतो.

आता वारा. हवा निवळ असली की किनाऱ्यावर वाऱ्याचं एक वेळापत्रक असतं. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरचा वारा जमिनीकडे ओढला जातो. हे खारे वारे दुपारी सगळ्यात जोरात असतात. रात्री जमीन लवकर गार होते आणि मंद मतलई वारा उलटा, समुद्राकडे वाहतो. म्हणून दुपारच्या वाऱ्याकडे पाठ करून तंबू लावला की पहाटेची गार झुळूक दारातून आत येते. तंबूची सगळ्यात निमुळती बाजू समुद्राकडे आणि दार किंचित तिरपं ठेवलं की दोन्ही साधतं. वादळी हवेत मात्र हे वेळापत्रक मोडतं. तेव्हा मालक जी दिशा सांगेल ती.

आडोसा हवाच. पण भिंतीपेक्षा कुंपणाची झुडपं बरी. पक्क्या भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करतो, झुडपांतून तो गाळून येतो. झुडपांची उंची दोन मीटर असेल तर सुमारे दहा ते वीस मीटरपर्यंत वाऱ्याचा जोर बऱ्यापैकी कमी जाणवतो. मोठ्या झाडाच्या थेट खाली मात्र जाऊ नका. खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यावरच्या झाडांच्या फांद्या वाळतात आणि मोडून पडतात. एकटं उभं झाड विजेच्या वेळी धोक्याचंच. अगदी खोलगट जागाही टाळा, कारण थंड हवा, दव आणि पावसाचं पाणी हे सगळं तिथेच उतरतं.

खळं, सायलेजचे (मुरवलेल्या हिरव्या वैरणीचे) ढीग, खताचा खड्डा यांच्यापासून लांब राहा. स्लरीचा खड्डा ढवळला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. सडक्या अंड्यांचा वास येतो म्हणून तो कळेल, असं समजू नका. प्रमाण वाढलं की नाकाला वास कळणंच बंद होतं, आणि तेव्हा तो जिवावर बेततो.

५. वाऱ्यात तंबू उभा करणं

फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याची जी मोजपट्टी केली ती आजही कामाची आहे, कारण तिला यंत्र लागत नाही. धूळ आणि कागद उडतात, बारीक फांद्या हलतात: ४ नंबर, ताशी २० ते २८ किलोमीटर. यात तंबू लागतो, फक्त दोघं हवेत. मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरवत नाही: ६ नंबर, ताशी ३९ ते ४९. यात नवख्याने उघड्यावर तंबू सोडूच नये. मालकाला छपराखाली जागा मागा, त्यात कमीपणा नाही.

क्रम असा. पिशवीतून तंबू पूर्ण बाहेर काढण्याआधी वाऱ्याकडच्या दोन मेखा हाताशी घ्या. तंबू जमिनीवर अंथरताना एकाने त्यावर गुडघे टेकून बसायचं, दुसऱ्याने वाऱ्याकडचे दोन्ही कोपरे ठोकायचे. हे झाल्याशिवाय काठ्या ओवायच्या नाहीत. काठ्या ओवून कमान उभी राहिली की कापड शिडासारखं फुगतं, त्या क्षणी मागचे कोपरे ओढून ठोका आणि लगेच वाऱ्याकडच्या ताणाच्या दोऱ्या बांधा. बाकीचं सावकाश.

मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली, साधारण ४५ अंशात, आणि दोरी अगदी जमिनीलगत. मेख उभी ठोकली की वाऱ्याच्या प्रत्येक हिसक्याला भोक थोडं रुंद होत जातं आणि मध्यरात्री ती अलगद वर येते. जमीन वाळूची असेल तर मेखेच्या भरवशावर राहू नका. एक पिशवी वाळूने भरा, तिला दोरी बांधा, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरा आणि वरून पायाने दाबा. ती सहसा हलत नाही.

कुंपणाच्या तारेला दोरी कधीच बांधू नका. ती विजेची असू शकते. विजेच्या कुंपणात प्रवाह सतत नसतो, साधारण सेकंदाला एक ठोका येतो, त्यामुळे एकदा हात लावून काही झालं नाही म्हणून तार बंद आहे असं ठरत नाही. ठोका हजारो व्होल्टचा पण क्षणभराचा असतो. धडधाकट माणसाला झटका बसतो, एवढंच. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी मात्र लांबच राहावं. ओले टॉवेल तारेवर वाळत घालायचे नाहीत हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

६. पाणी, चूल, शौच

किनाऱ्यालगतच्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरतं. जेवढा उपसा जास्त, तेवढं ते आत सरकतं. पाणी मचूळ लागलं तर उकळून उपयोग नाही, मीठ उकळण्याने जात नाही. खतांमधून उतरलेलं नायट्रेटही जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. तान्हं मूल बरोबर असेल तर त्याचं पाणी घरून न्या. बाकीच्यांनी प्यायचा नळ कोणता ते विचारून घ्यावं. जनावरांच्या हौदाचा नळ आणि घरचा नळ दिसायला सारखेच असतात.

स्टोव्ह, शेगडी, निखारे, यातलं काहीही तंबूच्या आत नको. पाऊस असला तरी नको, विझत आलेली शेगडी ऊब म्हणूनही नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठवत नाही. शेकोटी मालकाने दाखवलेल्या जागीच करा, वैरणीच्या गंजीपासून लांब आणि वाऱ्याची दिशा बघून. समुद्राने आणून टाकलेली लाकडं छान वाळलेली दिसतात, पण मिठात मुरलेलं लाकूड जळताना क्लोरीनयुक्त विषारी द्रव्यं सोडतं. कुंपणाचे जुने खांबही जाळू नका, त्यांना वाळवीसाठी रसायनं पाजलेली असतात.

शौचालय असेल तर कितीही लांब असलं तरी तिथेच जा. रानात खड्डा करून भागवायची सवय डोंगरात ठीक, चराऊ रानात नाही. माणसाच्या आतड्यातल्या टीनिया सॅजिनाटा या टेपवर्मची अंडी विष्ठेतून गवतावर आली की गाईगुरांच्या पोटात जातात आणि त्यांच्या मांसात गाठी धरतात. शौचालय नसेल तर बंद होणारी बादली न्या, किंवा दुसरं शेत शोधा.

७. जनावरं आणि यंत्रं

फाटकाचा नियम एकच: जसं सापडलं तसं ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. उघडं फाटक "कुणीतरी विसरलं असेल" म्हणून बंद करणं हाही उपद्व्यापच, कदाचित पलीकडे पाण्याचा हौद असेल. फाटक चढून जायची वेळ आली तर बिजागरीच्या बाजूने चढा, म्हणजे ते लोंबत नाही.

कालवडी आणि गोऱ्हे फार चौकस असतात. नवीन तंबू दिसला की येतात, नाक लावतात, दोरी चघळतात. किनाऱ्यावर तंबूच्या कापडावर मिठाचा थर बसतो आणि मीठ गुरांना आवडतं, त्यामुळे पहाटे खरबरीत जिभेने तंबू चाटल्याचा आवाज आला तर घाबरू नका. पण ही गंमत टाळायचीच असेल तर कुंपणापलीकडची जागा मागा. कापड फाटलं तर ते तुमचं नुकसान, चघळलेली दोरी पोटात गेली तर मालकाचं.

गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. कळप तुमच्याकडे येऊ लागला तर पळू नका. तोंड त्यांच्याकडे ठेवून शांतपणे कडेला सरका. कुत्रा बरोबर असेल आणि गाई अंगावर आल्या तर साखळी सोडून द्या. कुत्रा सुटून जातो, त्याला धरून ठेवलेला माणूस तुडवला जातो. वळू असलेल्या रानात शिरायचंच नाही.

उरलेलं अन्न जनावरांना घालू नका, विशेषतः डुकरांना मांसाचं काही नाही. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू खारवलेल्या मांसातही दीर्घकाळ टिकतो.

यंत्रांबद्दल थोडक्यात. ट्रॅक्टरचालकाशी नजरानजर झाल्याशिवाय पुढे किंवा मागे जायचं नाही. मागचा फिरता दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक किंवा बुटाची नाडी त्यात गेली तर हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. गवताच्या गोल गठ्ठ्यांवर मुलांना चढू देऊ नका. असा एक गठ्ठा कित्येक शे किलोंचा असतो आणि गोल असल्याने घरंगळतो. धान्याची कोठारं आणि खताचे खड्डे मुलांना पहिल्या दिवशीच दाखवून ठेवा आणि तिथे जायचं नाही म्हणून बजावा.

मुलं वासरांना हात लावणारच, लावू द्या. नंतर साबण आणि वाहतं पाणी. हातावर चोळायचं जेल इथे पुरेसं नाही. धडधाकट गुरांच्या शेणातही ई. कोलाय ओ१५७ असू शकतो, फार थोडे जंतू पुरतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तो कधी कधी मूत्रपिंडांवर जातो.

८. किनाऱ्यावर उतरताना

शेतातून पुळणीवर जाणारी वाट मालकाला विचारा आणि परत यायची वेळ भरतीच्या कोष्टकावरून ठरवा. ओहोटी ते भरती या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. ढोबळ हिशेब असा: एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. पहिल्या तासाला "अजून कुठे आलंय" म्हणून खडकाआडच्या पुळणीवर रेंगाळणारे याच दोन तासांत अडकतात.

वाळूवर शेवाळ, काटक्या, कचरा यांच्या ओळी दिसतात. सगळ्यात वरची ओळ अलीकडच्या मोठ्या भरतीची. सामान तिच्याही वर ठेवा. पोहताना पाणी आत ओढू लागलं तर किनाऱ्याकडे झुंजत राहू नका. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडा, मग वळा. ओळखीचा माणूस काठावर नसेल तर पाण्यात उतरूच नका, हे माझं मत.

९. निघताना

तंबू काढण्याआधी मेखा मोजून ठेवा: किती ठोकल्या, किती निघाल्या. भडक रंग हवा म्हटलं ते यासाठी. गवतात राहिलेली मेख पुढे कापणीच्या यंत्रात जाते, पातं तरी मोडते नाहीतर तुकडे होऊन वैरणीत मिसळते. गाय वैरण निवडून खात नाही. लोखंडाचा तुकडा गिळला की तो पोटाच्या जाळीसारख्या दुसऱ्या कप्प्यात अडकतो, आणि तिथून हृदय फार लांब नसतं. पडदा भेदून तो तिथवर पोहोचू शकतो. या भीतीने काही पशुपालक गाईच्या पोटात कायमचं लोहचुंबक सोडून ठेवतात. तुमची एक मेख सापडलीच नाही तर लाजू नका. ती अंदाजे कुठे आहे तिथे काठी रोवा आणि मालकाला नेऊन दाखवा. कुंपण मोडलं असेल, नळ गळत असेल, एखादं जनावर लंगडताना दिसलं असेल, तेही सांगा.

कचरा सगळा परत न्यायचा. एकाच जागी बरेच दिवस राहणार असाल तर मध्येच तंबू थोडा सरकवा, खालचं गवत पिवळं पडतं.

बुटांचे तळवे आणि गाडीची चाकं शेत सोडतानाच धुवा, विशेषतः पुढचा मुक्काम दुसऱ्या शेतावर असेल तर. लाळ्या खुरकुताचा विषाणू चिखलाबरोबर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. चेनच्या दातांवरून जुना ब्रश फिरवा, कारण मीठ सगळ्यात आधी चेन खातं. काठ्यांचे सांधे पुसून कोरडे करा, आणि कापड पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका.